पुण्याच्या पेठांत पहिल्यांदा फूड वॉकला जाताना

पुण्यात नव्याने आलेल्या कुणाला शहर दाखवायचं असेल, तर मी आधी मंडईत नेते, शनिवारवाडा नंतर. शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. आज तिथे तट, दिल्ली दरवाजा आणि जोती दिसतात. मंडईच्या आसपासचं पुणं मात्र अजून रोज कामाला लागतं. पहाटे पालेभाज्यांच्या जुड्या उतरतात, पितळी पातेल्यात चहा उकळतो, कढईत पहिला घाणा पडतो. हे पुणं समजून घ्यायचा एक चांगला मार्ग म्हणजे पेठांमधला फूड वॉक. एक गाईड, आठ-दहा जणांचा गट, साधारण तीन तास, दोन-अडीच किलोमीटर चालणं आणि वाटेत सहा-सात ठिकाणी थोडं थोडं खाणं, असं त्याचं स्वरूप असतं.

पहिली शंका पैशांची येते, आणि ती रास्त आहे. तीन तासांत जे खाल, ते स्वतः जाऊन खाल्लं तर त्याच्या कितीतरी कमी पैशांत होईल. मग जास्तीचे पैसे कशाचे? ते त्या गाईडच्या ओळखीचे असतात. ज्याला भटारखान्याच्या दारातून "या, आत या" अशी हाक येते, जो आचाऱ्याला नावाने ओळखतो, ज्याला कुठल्या दिवशी काय ताजं मिळतं ते ठाऊक आहे, अशा माणसाबरोबर तुम्ही चालता. ही ओळख खरी असेल तर पैसे वसूल. नसेल तर तुम्ही फक्त महागडी मिसळ खाल्लीत. म्हणून पुढचं सगळं वाचताना ही एक गोष्ट लक्षात ठेवा: वॉक निवडताना पदार्थांची यादी बघू नका, माणूस बघा.

आधी भाग आणि वेळ ठरवा

पुण्यात खाण्याच्या दोन निराळ्या वाटा आहेत. एक जुन्या पेठांची: मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रोड, नारायण पेठ, सदाशिव पेठ. दुसरी कॅम्पची. पहिल्यांदा जाणाऱ्याने पेठांपासून सुरुवात करावी, कारण तिथे ठिकाणं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत आणि इतिहासही त्याच गल्ल्यांत आहे. कॅम्पबद्दल शेवटी सांगते.

वेळ सकाळी आठच्या सुमाराची घ्यावी. संध्याकाळचे वॉकही असतात, पण मंडईची खरी गंमत सकाळची. शिवाय पेठांतली बरीच जुनी दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, त्यामुळे दुपारी निघणारा वॉक कुणी देत असेल तर तो कुठली ठिकाणं दाखवणार ते नीट विचारून घ्या. शनिवार-रविवारी गर्दी असते. कामाच्या दिवशी सुट्टी मिळत असेल तर मंगळवार ते शुक्रवार निवडा. दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

गणेशोत्सवात या भागातले रस्ते वाहनांना बंद असतात आणि संध्याकाळी चालणंही मुश्कील होतं. त्या दहा दिवसांत यायचंच असेल तर सकाळी लवकर या. एप्रिल-मेमध्ये ऊन लागतं, पण आमरस, आंब्याची मस्तानी (दूध-आइस्क्रीमचं घट्ट पेय) आणि मंडईतल्या हापूसच्या पेट्या याच दिवसांत. थंडीत, विशेषतः संक्रांतीच्या आसपास, मंडई सर्वांत देखणी असते: सोलाणे, गाजर, वांगी, घेवडा, पावटा, तीळ, सगळा भोगीच्या भाजीचा बाजार मांडलेला असतो. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण गल्ल्या अरुंद आहेत आणि एका हातात बशी असणार आहे.

नोंदणी करताना काय विचाराल

फोनवर किंवा मेसेजवर थेट विचारा. चांगला आयोजक प्रश्नांना कंटाळत नाही.

गटात जास्तीत जास्त किती जण? दहाच्या वर असतील तर पुढच्या चार जणांनाच गाईडचं बोलणं ऐकू येतं आणि लहान दुकानापुढची वाट अडते. गाईड कोण आहे आणि तो किंवा ती कुठल्या भागात वाढली? मराठीत बोलणार का? अनेक वॉक इंग्रजीत चालतात. मराठी गट असेल तर बोलणं दुकानदारापर्यंत पोचतं, तोही गप्पांत सामील होतो, आणि वॉकचा सगळा रंग बदलतो. फीमध्ये खाणं, पाणी, चहा सगळं धरलं आहे का? पाऊस आला किंवा एखादं दुकान अचानक बंद निघालं तर काय? बसायला जागा किती ठिकाणी आहे? वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. पेठांत ही सोय कमी आहे, आणि जाणत्या गाईडने ती आधीच हेरून ठेवलेली असते.

आणखी एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो: दुकानदारांना प्रत्येक पदार्थाचे पूर्ण पैसे दिले जातात ना? "ते आमच्याकडून घेत नाहीत, आम्ही त्यांची जाहिरात करतो" असं उत्तर आलं तर मी तिथे जाणार नाही. पहाटे चारला उठून मटकी शिजवणाऱ्याच्या कष्टावर दुसऱ्याने धंदा करायचा आणि त्याला जाहिरात द्यायची, हे बरोबर नाही. याउलट, वॉकच्या शेवटी एखाद्या भेटवस्तूंच्या दुकानात अर्धा तास थांबवणार असतील तर तिथे कमिशनचा मामला असण्याची शक्यता जास्त.

पथ्याचं नोंदणीच्या वेळीच सांगा. ऐनवेळी गाईडच्या हातात फारसं काही नसतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर महाराष्ट्रीय खाण्यात फार जपावं लागतं: साबुदाण्याच्या खिचडीत कूट, चटणीत कूट, रश्शाच्या वाटणातही कूट असू शकतो. गहू चालत नसेल तर हिंगाचाही विचार करा, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. जैन पद्धतीने खाणाऱ्यांसाठी मिसळ, वडा, भजी सगळंच अडचणीचं होतं. त्यांनी दुधाचे पदार्थ, आधी विचारून घेऊन बाकरवडी आणि मंडईचा फेरफटका असा वेगळा बेत मागावा. मधुमेह असलेल्यांनी तर आधीच ठरवावं की गोडापैकी नेमकं काय चाखायचं, कारण चहापासून मस्तानीपर्यंत साखर सगळीकडे आहे. एकादशीला किंवा चतुर्थीला उपास असेल तर ती तारीखच टाळा. खिचडी मिळेल, पण बाकीचे सगळे मिसळ खात असताना नुसतं बघत राहायला लागेल.

पोटाची आणि पायांची तयारी

आदल्या रात्री हलकं जेवा, सकाळी घरून नाश्ता करून येऊ नका. अगदी उपाशीही नको. एखादं केळं खाऊन निघा, नाहीतर पहिल्याच ठिकाणी भुकेने जास्त खाल्लं जातं आणि तिसऱ्या ठिकाणी पोट भरतं. चप्पल-सँडल अशी घाला की ओल्या फरशीवर घसरणार नाही. मंडईत जमीन कायम ओली असते. पाण्याची बाटली, एक हातरुमाल, एक कापडी पिशवी आणि थोडे सुटे पैसे जवळ ठेवा. फोनवरून पैसे सगळीकडे चालतात, पण कोथिंबिरीची जुडी घ्यायची तर सुटे असलेले बरे.

गाडी आणू नका. २०२४ च्या सप्टेंबरपासून मेट्रो भुयारातून थेट मंडईपर्यंत येते, आणि बहुतेक वॉक इथून जवळच सुरू होतात. पार्किंग शोधण्यात गेलेली वीस मिनिटं म्हणजे सगळ्या गटाची वीस मिनिटं.

मंडईत: काही न खाता सुरुवात

नवख्या माणसाला वाटतं, पोचल्याबरोबर खाणं सुरू होईल. चांगला गाईड आधी मंडईत फिरवतो, आणि त्यामागे कारण आहे. पुढे ताटात जे येणार ते कच्च्या स्वरूपात बघितलेलं असलं की जीभ जास्त लक्ष देते.

मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून फाकलेल्या दगडी पाख्या, अशी ही इमारत १८८० च्या दशकात इंग्रजांच्या काळात उभी राहिली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले तेव्हा काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्याला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं, ती महात्मा फुले मंडई झाली. गाईडने ही गोष्ट सांगितली नाही तर तुम्ही विचारा. ज्या बाजारात आपण भाजी घेतो तो कुणाच्या पैशाने आणि कशाच्या बदल्यात उभा राहिला, हा प्रश्न खाण्याच्या गप्पांत यायलाच हवा.

गाळ्यांमधून चालताना भाज्यांची नावं विचारा. चाकवत, चुका, अंबाडी, माठ, राजगिरा, शेपू, करडई. शहरातल्या मोठ्या मॉलमध्ये यातल्या निम्म्या दिसत नाहीत. विक्रेत्या मावशींना "ही कशी करायची?" असं विचारलं तर सहसा पूर्ण कृती मिळते, डाळ कधी घालायची आणि लसूण किती ठेचायचा यासकट. मात्र त्या वेळी दुसरं गिऱ्हाईक उभं असेल तर थांबा. त्यांचा सकाळचा वेळ म्हणजे दिवसभराची कमाई. जमलं तर एखादी जुडी विकत घ्या. त्यासाठीच ती कापडी पिशवी.

चहा

मंडईतून बाहेर पडलं की चहा. पुण्यातली अमृततुल्यं मुळात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी सुरू केली. सोन्या मारुती चौकाजवळचं आद्य अमृततुल्य १९२४ पासूनचं मानलं जातं. दुकानांची नावं बहुतेक देवादेवींची, पुढे अमृततुल्य जोडलेलं. आता त्याच नावाने साखळी दुकानं गावोगाव निघाली आहेत, पण पेठेतल्या जुन्या दुकानात जाऊन चहा होताना बघणं हा वेगळाच अनुभव आहे.

इथे काउंटरच्या बाजूला उभं राहून हात बघा. दूध आणि पाणी पितळी पातेल्यात सतत उकळत असतं. आलं आणि वेलची खलबत्त्यात कुटून त्याच वेळी पडते, पूड करून ठेवलेली नसते. चहा मोठ्या डावाने वर-खाली केला जातो, मग फडक्यातून गाळला जातो. तो गोडच असतो. साखर कमी सांगितली तरी फार फरक पडत नाही, कारण सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यातला. कप लहान असतो तो पुरे. दुसरा मागू नका, पुढे मिसळ आहे.

मिसळ आणि तिच्यावरचे वाद

तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन आणि नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातलं बेडेकर, ही दोन नावं पुण्यात मिसळीचा विषय निघाला की येतातच. तुमच्या वॉकमध्ये यांपैकी एखादं असेल किंवा गाईडच्या ओळखीचं तिसरंच असेल. गर्दी इतकी असते की आत जागा मिळण्यासाठी थांबावं लागतं, आणि हा थांबण्याचा वेळ गाईड कसा वापरतो त्यावरून त्याची पारख होते.

कोल्हापूर, नाशिक किंवा नागपूरहून आलेल्या वाचकांना एक आधीच सांगते: पुणेरी मिसळ तुमच्या तर्रीशी ताडून बघायची नसते. कोल्हापुरात कट झणझणीत हवा, नाशिकला काळ्या मसाल्याची मटकी आणि सोबत पापड-दही, विदर्भात तर्रीला महत्त्व. पुण्याच्या जुन्या पद्धतीच्या मिसळीत खाली पोहे, बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबू, आणि त्यावर रस्सा, ज्याला इथे सँपल म्हणतात. बेडेकरांच्या सँपलला गोडसर अंग आहे आणि सोबत पाव नसून स्लाइस असतो. काहींना पहिल्या घासाला ती मिळमिळीत वाटते. दोन घास थांबा. तिची गंमत थरांत आहे: मऊ पोहे, मग कुरकुरीत शेव, मग आंबट लिंबू, आणि तिखट हळूहळू मागून येतं. सगळं एकदम कालवलं की हे सगळं हरवतं, म्हणून कडेने खात आत जा.

दोघांत एक बशी मागवा. गाईड पूर्ण बशी देऊ लागला तरी. सात ठिकाणी खायचं तर प्रत्येक ठिकाणी चार-पाच घासांपलीकडे जाऊ नये, नाहीतर पुढचं सगळं नुसतं बघायचं राहतं. आणि तिखट लागलं तर पाणी पिऊ नका. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तो पाण्याने तोंडभर पसरतो. ताक, दही किंवा दूध घ्या. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश तो तिखटपणा ओढून घेतात. जाणता गाईड म्हणूनच मिसळीनंतर दुधाचं काहीतरी ठेवतो.

तुळशीबाग

इथे खाण्यापेक्षा बघण्यासारखं जास्त आहे. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलेलं राममंदिर आणि त्याच्याभोवती वाढलेला बाजार. कानातली-बांगड्यांच्या गर्दीतून भांड्यांच्या गल्लीकडे वळा. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकाचे साचे, विळ्या, पितळी डबे आणि भातुकली. ज्या गोष्टी पुढे खाणार त्या कशाने होतात ते इथे हातात धरून बघता येतं. पहिलं घर लावणाऱ्याने इथूनच लोखंडी तवा घ्यावा, असं माझं मत आहे.

लक्ष्मी रोड ते नारायण पेठ

मिसळीनंतर थंड. लक्ष्मी रोडवरचं जनसेवा दुग्ध मंदिर पीयूष आणि खरवसासाठी लोक लक्षात ठेवतात. पीयूष म्हणजे श्रीखंड आणि ताक एकत्र घुसळून, जायफळ-वेलची घालून केलेलं दाटसर पेय. ते घोट घोट घ्यायचं असतं, आणि एका ग्लासात दोघांचं भागतं. खरवस मिळाला तर नक्की चाखा. गाय-म्हैस व्यायल्यानंतरच्या पहिल्या दिवसांच्या दुधाचा, चिकाचा, तो वाफवून करतात. घरी तो नशिबाने मिळतो.

पुढे बाजीराव रोडला विश्रामबागवाडा लागतो, दुसऱ्या बाजीरावाचा. त्याचा लाकडी कोरीव दर्शनी भाग बघायला पाच मिनिटं द्या. जवळच चितळे बंधूंचं दुकान. १९३९ मध्ये सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या भिलवडीला दुधाच्या धंद्यातून सुरू झालेलं हे घराणं १९५० मध्ये पुण्यात आलं. बाकरवडी ही वॉकमधली सगळ्यात सोपी भेट, कारण ती टिकते. इथे एक-दोन चाखा. घरी न्यायची असेल तर वॉक संपल्यावर परत येऊन घ्या. तोवर हातात पिशव्या नकोत. खाताना सारणाकडे लक्ष द्या: खोबरं, तीळ, खसखस, आणि आंबट-गोड-तिखट एकत्र.

वाटेत दगडूशेठ गणपतीचं दर्शन असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्यातला सर्वांत जास्त गर्दीचा गणपती एका मिठाईवाल्याच्या नावाने ओळखला जातो. दगडूशेठ हे हलवाई होते, त्यांचा व्यवसायच त्यांच्या नावाला चिकटला. या शहरात अन्न करून विकणाऱ्याला किती मान होता ते यातून कळतं.

केसरीवाड्याकडे वळलं की प्रभा विश्रांतिगृहाचा बटाटेवडा. वडा कढईतून निघाल्यावर दोन मिनिटांत खायचा. याच नियमाने रस्त्यावरचं कुठलंही तळण पारखा: समोर घाणा निघतो आहे का, तेल काळं पडलेलं नाही ना, बशी धुतात ते पाणी कसं आहे. परवाना असलेल्या ठिकाणी चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक लावलेला असतो. तो दिसला की बरं वाटतं, पण खरा भरवसा पटापट संपणाऱ्या मालाचा. जिथे गर्दी सतत आहे तिथे सकाळचं उरलेलं संध्याकाळी मिळण्याचा संभव कमी.

सदाशिव पेठ: इथे जरा थांबा

वॉकचा हा टप्पा बरेच गाईड घाईने उरकतात. मला वाटतं, खरा विषय इथेच आहे. पुण्यात बाहेर खाण्याची रीत चैनीपेक्षा विद्यार्थ्यांच्या गरजेतून वाढली. कोकणातून, देशावरून मुलं शिकायला यायची. ज्यांना परवडत नसे ती माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. मग खानावळी आल्या, बोर्डिंगं आली, पोहे-उप्पीट-खिचडीची उपाहारगृहं आली. टिळक रोडवरची बादशाही, कुमठेकर रस्त्यावरचं स्वीट होम ही नावं त्याच परंपरेतली. आज स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुलं-मुली याच गल्ल्यांत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक खाट भाड्याने घेऊन राहतात आणि मेसच्या डब्यावर दिवस काढतात. लातूर, बीड, यवतमाळ, नंदुरबार, सगळीकडची. त्यांच्यासाठी चालणाऱ्या छोट्या पोळी-भाजी केंद्रांसमोरून जाताना गाईडने दोन मिनिटं थांबायला हवं. तिथल्या काकूंनी पहाटेपासून लाटलेल्या पोळ्यांवर या शहराचा अभ्यास चालतो.

शेवट निंबाळकर तालीम चौकातल्या सुजाता मस्तानीपाशी होत असेल तर उत्तम. घट्ट दूध-आइस्क्रीमचं पेय आणि वर आणखी एक आइस्क्रीमचा गोळा. ते चमच्याने खात खात प्यायचं असतं. तोवर पोट भरलेलं असेल, म्हणून तिघांत दोन पुरतात. एप्रिल-मेमध्ये आंब्याची घ्या, दुसरी कुठली बघूही नका.

वागण्याच्या काही गोष्टी

तुम्ही गटाने जाता तेव्हा दुकानातल्या रोजच्या गिऱ्हाइकाला अडचण होते. त्याला आधी जाऊ द्या. आचाऱ्याचा, विक्रेत्याचा फोटो काढण्याआधी विचारा, "काका, काढू का?" एवढं पुरतं, आणि नाही म्हणाले तर तिथेच सोडा. भटारखान्यात बोलावलं तर भिंतीला लागून उभे राहा, कढईच्या आणि पाण्याच्या वाटेत येऊ नका. पानात टाकू नका. नको असेल तर हात लावण्याआधी शेजाऱ्याला द्या.

"आमच्याकडे याहून भारी मिळते" हे वाक्य दुकानात उभं राहून बोलू नये. बाहेर आल्यावर खुशाल बोला. खाणाऱ्यांच्या गप्पा वादाशिवाय रंगत नाहीत.

प्रश्न विचारताना "किती वर्षं जुनं?" एवढ्यावर थांबू नका, त्याचं उत्तर पाटीवर असतं. सकाळी किती वाजता काम सुरू होतं, मटकीला मोड यायला थंडीत किती वेळ लागतो, तेल कुठलं, दूध कुठून येतं, पुढची पिढी दुकानात येणार का. असं काही विचारलं की माणूस खुलतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी जड असतं. तेही ऐकून घ्या.

गाईडला बक्षिसी देणं सक्तीचं नसतं. त्याने मनापासून फिरवलं असेल तर जे वाटेल ते द्या, आणि आयोजकाला लिहिताना त्याचं नाव घेऊन लिहा. या कामात पुढचं काम तोंडी शिफारशीवर मिळतं.

अपेक्षाभंग कुठे होतो

लोक नाराज होतात ते बहुतेक तीन कारणांनी. पोटभर जेवणाची अपेक्षा ठेवलेली असते. ही चव घेण्याची वाट आहे, जेवणाची नाही, जरी शेवटी दुपारचं जेवण नको वाटतं. आपलं आवडतं ठिकाण यादीत नसतं. ते गाईडला सांगा, पण सगळ्या गटाला तिकडे वळवायचा हट्ट नको. आणि एखादं दुकान साप्ताहिक सुट्टीमुळे बंद निघतं. पेठांत हे होतं, चांगल्या गाईडकडे दुसरं ठिकाण तयार असतं.

घरी आल्यावर दुपारी फक्त ताक-भात किंवा काहीच नाही, आणि रात्री मुगाची खिचडी. पुढच्या आठवड्यात जे सगळ्यात आवडलं तिथे एकटे जा. पूर्ण बशी घ्या, सावकाश खा. गल्ल्यावरच्या माणसाने ओळखलं तर वॉकचं काम झालं.

दुसऱ्यांदा: कॅम्प

कॅम्पचा वॉक निराळा, कारण वस्ती निराळी. इंग्रजांच्या छावणीभोवती पारशी, इराणी, बेने इस्राएल आणि बगदादी ज्यू, बोहरी, गोव्याकडचे ख्रिस्ती अशी मंडळी राहिली आणि त्यांचं खाणंही रुजलं. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. श्रूजबेरी बिस्किटं आणि मावा केक संपण्याआधी मिळवायचे तर सकाळी लवकर रांगेत लागा. दोराबजी अँड सन्स १८७८ पासूनचं, तिथली बिर्याणी आणि धानसाक दुपारच्या जेवणाला. जवळच लाल देऊळ, म्हणजे १८६७ चं ओहेल डेव्हिड सिनेगॉग. इथली अंतरं पेठांपेक्षा जास्त आहेत, म्हणून आयोजकाला चालण्याचे किलोमीटर विचारून घ्या, आणि मांसाहारी खाणारे आणि न खाणारे एकाच गटात असतील तर प्रत्येक ठिकाणी काय मिळेल तेही.

रमजानच्या दिवसांत मोमीनपुऱ्यात रात्री खास खाऊगल्ली लागते. तिकडे नेणारा वॉक मिळाला तर जरूर जा, पण मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान होऊन रोजे सुटल्यानंतर अर्धा-पाऊण तास तरी जाऊ द्या. दिवसभर उपाशी असलेल्यांनी आधी खावं, आपण मागून. अंगभर कपडे घाला, मशिदीसमोरचा रस्ता मोकळा ठेवा, आणि तिथे गाडी नेण्याचा विचारही करू नका.